साडूचं रिव्हॉल्व्हर

उल्हास देवस्थळीने आयुष्यात एकही गोळी झाडली नव्हती. कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पला फायरिंगचा दिवस उजाडला आणि नेमक्या त्याच दिवशी त्याला कांजिण्या निघाल्या. पुढे तो पुण्याहून रीडिंगला आला, एका इन्शुरन्स कंपनीच्या रिस्क विभागात चिकटला, आणि लोकांच्या घरात काय काय पेटू शकतं, फुटू शकतं, तुंबू शकतं याचे अंदाज बांधण्यात त्याची निम्मी हयात गेली. असा हा माणूस पन्नाशी ओलांडल्यावर रिव्हॉल्व्हरच्या नादी का लागला, हे त्याला स्वतःलाही नीट सांगता येत नसे. बायकोने, स्वातीने, विचारलं तेव्हा तो "इतिहासाची आवड" असं काहीतरी म्हणाला होता. स्वाती "बरं" म्हणाली. बाकीच्या बायकांच्या नवऱ्यांना या वयात सायकलीचं वेड लागतं, निदान त्यांची पोटं तरी उतरतात, हे तिने बोलून दाखवलं नाही, पण त्याला ऐकू आलं.

इंग्लंडात घरात पिस्तूल-रिव्हॉल्व्हर ठेवायला बंदी आहे. मात्र पुढून दारू आणि शिशाची गोळी ठासायची, मागे ठिणगीची टोपी बसवायची, अशी दीडशे वर्षांपलीकडची हत्यारं शोभेची वस्तू म्हणून विनापरवाना बाळगता येतात. ती उडवायची नाहीत, एवढीच अट. उल्हासला उडवायचं नव्हतंच. त्याला ते हातात धरायचं होतं आणि त्याविषयी बोलायचं होतं. खरं सांगायचं तर बोलायचंच जास्त होतं.

त्याच्याकडे होतं ते ट्रँटर बनावटीचं रिव्हॉल्व्हर. अठराशे पन्नाशीतलं, बर्मिंगहॅमला घडवलेलं, मुठीच्या लाकडावर बारीक जाळीदार नक्षी. या ट्रँटरला एकाखाली एक असे दोन चाप होते. खालचा चाप मधल्या बोटाने ओढला की घोडा, म्हणजे टोपीवर आदळणारी हातोडी, मागे जायचा आणि गोळ्यांचं चक्र एक घर फिरायचं. मग वरच्या चापाला तर्जनी नुसती लावली की घोडा खाली. उल्हास हे पाहुण्यांना जेवणानंतर करून दाखवायचा. एकदा खालचा, एकदा वरचा, मग दोन्ही एकदम, मग "आता तुम्ही करून बघा". त्यांच्याकडे जेवायला येणं रीडिंगच्या मराठी मंडळींनी कमी केलं नव्हतं, कारण स्वातीच्या हाताला चव होती. पण जेवण झाल्यावर कुणी फार वेळ टेकेनासं झालं होतं.

एकच माणूस टेकला. तो म्हणजे जयंत.

जयंत उल्हासचा साडू, स्वातीच्या धाकट्या बहिणीचा, वरदाचा, नवरा. राहायला बेसिंगस्टोकला. माणूस अतिशय सज्जन, आणि हीच उल्हासची खरी अडचण होती, कारण सज्जन माणसाचा राग करायला निमित्त सापडत नाही. उल्हासने जे जे केलं ते जयंतने काही महिन्यांनी केलं आणि त्याच्यापेक्षा चांगलं केलं. उल्हासने माळ्यावर खोली काढली, तर जयंतच्या माळ्यावर खोली निघाली आणि तिला न्हाणीघरही जोडलेलं होतं. उल्हासने कुंडीत कढीपत्ता लावला, तो नोव्हेंबरात वारला. जयंतने लावला, त्याच्या फांद्या आता हॅम्पशायरमधल्या निम्म्या मराठी घरांतल्या फोडणीला पुरत होत्या. हे सगळं जयंत मुद्दाम करतो असं म्हणायलाही जागा नव्हती. उल्हासचं काही आवडलं की तो मनापासून कौतुक करायचा, दोन-चार प्रश्न विचारायचा आणि घरी जायचा. ते दोन-चार प्रश्न ऐकले की पुढे काय होणार हे उल्हासला कळून चुकायचं.

ट्रँटर हातात घेऊन जयंतने असेच प्रश्न विचारले. पुढे थंडी सरता सरता त्याचा फोन आला.

"उल्हासराव, एक छोटीशी गंमत घेतली आहे. वेळ मिळाला की येऊन जा."

छोटीशी गंमत म्हणजे ब्यूमाँट-ॲडम्स होतं. त्याच काळातलं, लंडनचं, मूळच्या लाकडी पेटीत, पेटीला आतून हिरवी मखमल. आणि ते खरंखुरं डबल ॲक्शन होतं. म्हणजे चाप एकच. तो एकदा शेवटपर्यंत ओढला की घोडा आपोआप उठतो, चक्र फिरतं आणि घोडा पडतो, सगळं एका दमात. शिवाय सावकाश नेम धरायचा असेल तर अंगठ्याने घोडा आधी मागे ओढून ठेवायचीही सोय.

"तुमचंही छानच आहे," जयंत म्हणाला. "फक्त ते तसं डबल ॲक्शन नाही म्हणता येणार. डबल ट्रिगर म्हणा."

या एका वाक्याने उल्हासची झोप उडवली. पुढचं वर्षभर दोघा साडवांचं यावर चाललं होतं. जाहीर भांडण नव्हे. नाती सांभाळून, अहो-जाहो करत, व्हॉट्सॲपवर. उल्हास सकाळी ऑफिसच्या ट्रेनमध्ये चढला की लिहायचा, "ट्रँटरमध्ये ताकद एका बोटाची आणि नेम दुसऱ्या बोटाचा, त्यामुळे हात हलत नाही." जयंतचं उत्तर त्याच्या लंच अवरला यायचं. "ॲडम्सचा चाप लोण्यासारखा आहे. हात हलायचा प्रश्नच येत नाही." लोण्यासारखा हा शब्द उल्हासला फार लागला. ॲडम्सचा चाप त्याने ओढून पाहिलेला नव्हता. जयंत हातात द्यायचा, पण "जरा सांभाळून हं" असं इतक्या हळव्या आवाजात म्हणायचा, की उल्हास ते मखमलीवर परत ठेवून द्यायचा.

शेवटी उल्हासनेच सुचवलं की एकदा दोन्ही शेजारी ठेवून सोक्षमोक्ष लावू. मे महिन्यातला शनिवार ठरला. स्वाती आणि वरदा त्या दिवशी ईलिंगला एका मामेबहिणीच्या बाळाच्या बारशाला जाणार होत्या. नवऱ्यांना कुणी आग्रह केला नव्हता.

जागा म्हणून उल्हासने मागची बाग निवडली, कारण फोटोला उजेड चांगला. त्याने बार्बेक्यूच्या टेबलावर पांढरी चादर पसरली. दोन्ही रिव्हॉल्व्हरं एकमेकांकडे तोंड करून ठेवली. चापाचा जडपणा मोजायला त्याने सामानाचा वजनकाटा आणला होता, तोच, हुकवाला, जो भारतात जाण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक घरात बॅगांना लटकवला जातो. हुक चापात अडकवायचा, हळूहळू ओढायचं आणि घोडा सुटला की आकडा वाचायचा, अशी कल्पना.

"आधी फोटो," जयंत म्हणाला.

फोटो झाले. मग जयंतला नळीवरची नक्षी जवळून हवी होती, तीही झाली. मग त्याला चहा हवा झाला. चहा झाल्यावर तो म्हणाला, "ऊन जरा तिरकं झालंय, आणखी दोन काढू या का?"

"जयंतराव, काटा लावू या," उल्हास म्हणाला आणि त्याने ॲडम्स उचललं. नीट दिसावं म्हणून हात लांब केला, एक डोळा मिटला, आणि पलीकडच्या कुंपणाच्या दिशेने नेम धरून उभा राहिला. असं उभं राहायची काही गरज नव्हती. काटा लावायला तर मुळीच नव्हती. पण हातात रिव्हॉल्व्हर आलं की हात आपोआप लांब होतो, हा त्याचा अनुभव होता.

त्या कुंपणापलीकडे महिन्यापूर्वीच एक तरुण जोडपं राहायला आलं होतं. वरच्या मजल्याच्या खिडकीतून त्यांना काय दिसलं असेल, याचा अंदाज बांधणं हे खरं तर उल्हासच्या नोकरीचं काम. त्याला ते सुचलं नाही. काटा लावायच्या आत जयंतला पुन्हा चहा हवा झाला, म्हणून ॲडम्स टेबलावर ठेवून उल्हास आत गेला, परत आला, तोवर रस्त्यावर गाड्या येऊन थांबल्या होत्या. बाजूच्या फाटकातून मोठ्या आवाजात सूचना आल्या. टेबलापासून दूर व्हा. हात वर. गुडघ्यांवर. आता पोटावर झोपा. काळ्या पोशाखातले, शिरस्त्राण घातलेले चौघे बागेत शिरले, आणि त्यांच्या हातात जे होतं ते शोभेची वस्तू नव्हतं.

उल्हास गवतावर पालथा पडला. त्याने ते सकाळीच कापलं होतं, त्यामुळे त्याच्या तोंडात गवत गेलं. शेजारी जयंत, इस्त्रीच्या शर्टात.

"त्या पिस्तुलांत काही भरलेलं आहे का?" वरून प्रश्न आला, इंग्रजीत.

या क्षणी शहाण्या माणसाने फक्त "नाही" म्हटलं असतं. उल्हास म्हणाला, "नाही सर. पण टेक्निकली ती पिस्तुलं नाहीत. रिव्हॉल्व्हरं आहेत."

"उल्हासराव, गप्प बसा," जयंत गवतातून म्हणाला.

"इंग्लिश ओन्ली, प्लीज," पोलीस म्हणाला.

हातांत बेड्या पडल्या. उल्हास चांगलाच घाबरला होता. आणि तरीही, हे तो पुढे कुणालाच सांगू शकला नाही, त्यांच्यातल्या वयस्क अधिकाऱ्याने टेबलावरचं ॲडम्स हातमोज्याच्या बोटांत उचललं, वळवून पाहिलं आणि "सुंदर वस्तू आहे" असं म्हटलं, तेव्हा त्या पालथ्या अवस्थेत त्याला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हेवा. ट्रँटरकडे त्या गृहस्थाने नुसतं पाहिलं आणि ते पिशवीत टाकलं.

बाकी पोलीस सभ्य होते. खातरजमा झाल्यावर बेड्या निघाल्या, पाणी विचारलं गेलं. यात गुन्हा काही दिसत नाही, पण दोन्ही हत्यारं, पेटीसकट, तपासणीला न्यावी लागतील, आणि पुढच्या वेळी फोटो घरात, पडदे लावून काढा, असं त्या वयस्क अधिकाऱ्याने समजावलं. तोवर ईलिंगहून गाडी आली होती. रस्ता अडवलेला होता. स्वाती आणि वरदा जरीच्या साड्यांत, हातात बारशाच्या पेढ्यांचे पुडे घेऊन चालत आल्या. फाटकाजवळच्या पोलिसाने उल्हासकडे बोट दाखवून विचारलं, "मॅडम, हे तुमचे मिस्टर का?" स्वातीने उत्तर द्यायला जरा वेळ घेतला, असं उल्हासला वाटलं.

लीड्सला शिकणाऱ्या त्यांच्या मुलीचा, तनिषाचा, तासाभरात फोन आला. बातमी तिला मावशीकडून कळली होती.

"बाबा, तू अरेस्ट झाला?"

"अरेस्ट नाही गं. थोडा वेळ थांबवून ठेवलं होतं."

"आणि तुझा बंदूक घेतला त्यांनी?"

व्याकरण त्याने सोडून दिलं. "बंदूक नाही," तो म्हणाला. "रिव्हॉल्व्हर."

दुसऱ्या दिवशी शेजारचा तरुण, कानापर्यंत लाल झालेला, केळ्याचा केक घेऊन दारात उभा राहिला. उल्हासनेच त्याची माफी मागितली. तोही माफी मागत होता. बराच वेळ दोघं एकमेकांची माफी मागत राहिले, शेवटी स्वातीने केक आत नेला.

तपासणीला बरेच आठवडे लागले. जुलैत पोलीस स्टेशनातून फोन आला की सगळं कायदेशीर आहे, वस्तू घेऊन जा. उल्हास गेला. काउंटरवरच्या मुलीने त्याचं नाव विचारलं, आतून सीलबंद पारदर्शक पिशवी आणली आणि त्याच्यापुढे ठेवली. पिशवीत एक चाप असलेलं रिव्हॉल्व्हर होतं. बाजूला हिरव्या मखमलीची पेटी.

चूक साधी होती. पिशव्यांवरच्या नावांची अदलाबदल झाली होती. ती दुरुस्त करायला एक वाक्य पुरेसं होतं. उल्हासने तोंड उघडलंही.

"सगळं ठीक ना?" मुलीने विचारलं.

"लव्हली, थँक्यू," उल्हास म्हणाला आणि सही करून बाहेर पडला.

गाडीत बसल्यावर त्याने स्वतःला समजावलं की जयंतला आज संध्याकाळी फोन करायचाच आहे. संध्याकाळी वाटलं, उद्या. उद्या जयंतचाच फोन आला, तोही भलत्याच कामाचा, वरदाच्या वाढदिवसाचा. शेवटी जयंतने विचारलं, "पोलिसांकडून काही कळलं का हो?"

"नाही बुवा," उल्हास म्हणाला. "तुम्हाला?"

"छे. नाही," जयंत म्हणाला.

हे उत्तर जरा घाईने आलं, पण आपण खोटं बोलत असलो की समोरच्याचा आवाज ऐकायला फुरसत नसते.

उल्हास त्या आठवड्यात घरूनच काम करत होता. स्वाती ऑफिसला गेली की तो माळ्यावर जायचा, पडदे लावायचा आणि पेटी उघडायचा. पहिले दोन दिवस त्याने नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी घोडा लोखंडावर आदळू नये म्हणून मध्ये जुन्या पट्ट्याच्या चामड्याचा तुकडा धरला आणि चाप ओढला.

लोणी नव्हतं. जयंतचा शब्द चुकलाच होता. सुरुवातीला चाप जड होता, चांगला जड, आणि उल्हासला क्षणभर विजय झाल्यासारखं वाटलं. मग मधे कुठेतरी तो जडपणा हाताखालून सरकला, चक्र मऊ आवाज करत फिरलं, आपल्या जागी बसलं, आणि शेवटच्या केसभर अंतरात सगळं थांबलं. जणू ते रिव्हॉल्व्हर विचारत होतं, नक्की का? आणि मग घोडा सुटला.

उल्हास खुर्चीत बसून राहिला. त्याचं ट्रँटर याच्यापुढे शिवणयंत्र होतं. आजवर त्याने जे जे लिहिलं, एका बोटाची ताकद, दुसऱ्या बोटाचा नेम, ते सगळं त्याला आठवलं, आणि त्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. मग त्याने पुन्हा चाप ओढला.

दीडशे वर्षांच्या स्प्रिंगला विनाकारण त्रास देऊ नये, हा या छंदातला पहिला नियम. उल्हासला तो पाठ होता. इंटरनेटवरच्या संग्राहकांच्या एका ग्रुपवर कुणा नवख्याला त्याने याच नियमावरून लांबलचक झापलंही होतं. तरी तो आठवडाभर रोज माळ्यावर जाऊन चाप ओढत होता, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद असला तर मीटिंग चालू असतानाही.

शुक्रवारी दुपारी, वरिष्ठ साहेब पुढच्या तिमाहीचे धोके वाचून दाखवत असताना, रिव्हॉल्व्हरच्या पोटात कट्‌ असा आवाज झाला. वाळकी काडी मोडावी तसा. चाप सैल पडला आणि बोटाखाली लटकू लागला. उल्हासने तो पुढे-मागे हलवून पाहिला. पलीकडून काहीच प्रतिसाद नव्हता.

"उल्हास, तुला काही ॲड करायचंय का?" साहेबांनी विचारलं.

"नाही," उल्हास म्हणाला. "नथिंग फ्रॉम मी."

स्वाती घरी आली तेव्हा तो स्वयंपाकघरात उभा होता आणि चहाचं पाणी उकळून आटत आलं होतं.

"मला तुला एक सांगायचंय," तो म्हणाला.

"ॲडम्सचं?" स्वाती पर्स ठेवत म्हणाली.

"तुला कसं कळलं?" त्याने विचारलं.

"अरे, तू पोलीस स्टेशनातून आलास त्या दिवशीच पेटी मी पाहिली. तुझ्या ट्रँटरला कुठे होती मखमल? आणि तुझं तिकडे आहे. जयंत गॅरेजमध्ये बसून काहीतरी करत असतो म्हणून वरदा बघायला गेली होती." तिने गॅस बंद केला. "आम्ही ठरवलं होतं, तुम्ही कधी बोलताय बघू."

"ते मोडलं," उल्हास म्हणाला.

यावर मात्र स्वाती खुर्ची ओढून खाली बसली. "काय मोडलं?"

"आतली स्प्रिंग. मी चाप ओढत होतो. पुन्हा पुन्हा."

स्वाती ओरडेल असं त्याला वाटत होतं, आणि तिने ओरडावं अशी त्याची इच्छाही होती. "जयंत खूप जपतो रे ते," ती एवढंच म्हणाली. "उद्या जाऊन ये. फोनवर नको सांगूस."

शनिवारी सकाळी उल्हास एकटाच निघाला. पेटी डिकीत ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवली होती. तो बेसिंगस्टोकपर्यंत इतका सावकाश गेला की एका ट्रॅक्टरने त्याला मागे टाकलं. वाटेत त्याने तीन-चार तऱ्हेची वाक्यं जुळवून पाहिली. एकात पोलिसांच्या तपासणीत स्प्रिंग मोडली असावी असं होतं. ते त्याला बरंच आवडलं होतं, आणि जयंतच्या घरासमोर गाडी लावेपर्यंत ते वाक्य त्याच्याजवळ होतं.

दार जयंतनेच उघडलं. उल्हासच्या हातातलं ब्लँकेट त्याने पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम पडला.

"अहो, मी आजच फोन करणार होतो," जयंत म्हणाला. "तुमचं माझ्याकडे आहे. दोन आठवडे झाले. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, पण..."

"जयंतराव, माझं आधी ऐका," उल्हास म्हणाला. दारात उभा राहूनच त्याने सांगितलं. काउंटरवर दिसलं तरी गप्प बसलो, फोनवर खोटं बोललो, रोज चाप ओढला, आणि काल स्प्रिंग मोडली. पोलिसांचं वाक्य तोंडाशी आलं होतं, ते त्याने गिळलं. "दुरुस्तीचं मी बघतो. पण मूळची स्प्रिंग गेली ती गेली. मला माफ करा."

जयंतने पेटी घेतली, आत जाऊन जेवणाच्या टेबलावर ठेवली, रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं आणि सैल चापाला एका बोटाने धक्का दिला. चाप हलला आणि लटकत राहिला. स्वयंपाकघरातून वरदा डोकावली, "भावोजी, चहा ठेवते," म्हणाली आणि आत गेली, ती काही लवकर बाहेर आली नाही.

"कसं होतं?" जयंतने विचारलं.

"काय?"

"मोडायच्या आधी. चाप कसा होता?"

उल्हासला कळेना. "म्हणजे? तुम्हाला माहीत आहेच की. तुम्ही वर्षभर..."

"मी कधी ओढलाच नाही," जयंत म्हणाला. तो रिव्हॉल्व्हरकडेच बघत होता. "घेतलं त्या दिवसापासून एकदाही नाही. स्प्रिंग मोडेल अशी धास्ती वाटायची. लोण्यासारखा वगैरे मी इंटरनेटवर वाचलं होतं." मग जरा थांबून म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही काटा घेऊन उभे राहिलात ना, मला इतकं टेन्शन आलं होतं. पोलीस आले तेव्हा, खरं सांगतो, आधी हायसं वाटलं."

उल्हास खुर्चीत बसला. हा माणूस आपल्याशेजारी गवतात पालथा पडला होता आणि त्याला हायसं वाटत होतं. आपण त्या वेळी हेव्याने जळत होतो. दोघांपैकी जास्त मूर्ख कोण, हे ठरवायला कुठला काटा मिळाला नसता.

"आणि माझं?" त्याने विचारलं. "ट्रँटर?"

जयंतच्या चेहऱ्यावर, इतक्या वर्षांत उल्हासने कधी पाहिली नव्हती अशी चोरटी लाज आली. "ते रोज ओढलं. दुसऱ्याचं आहे म्हटल्यावर भीती कमी वाटते बहुतेक." मग तो घाईने म्हणाला, "त्याला काही झालेलं नाही. मी तेल दिलंय. खालच्या चापाला जरा गंज होता, तो काढला. उल्हासराव, तो खालचा चाप मला फार आवडला. घोडा वर करून ठेवायचा आणि मग कितीही वेळ थांबायचं. झाडायची घाईच नाही. मला ते फार बरं वाटतं."

गंज होता हे उल्हासला माहीत नव्हतं. वर्षभर पाहुण्यांना दाखवताना तो त्यालाच दिसला नव्हता.

"आता तुम्ही सांगा," जयंत म्हणाला. "नीट सांगा. सुरुवातीपासून."

मग उल्हासने सांगितलं. त्याला बोलायची हौस होती हे खरं, पण या वेळी त्याने शब्द शोधून, जपून सांगितलं. सुरुवातीचा जडपणा, मग हाताखालून सरकणारं ते वजन, चक्राचा मऊ आवाज, शेवटी केसभर जागेत ते कसं थांबतं. हवेत बोट वाकवून दाखवलं. जयंत त्याच्या बोटाकडे पाहत होता आणि मधेच त्याचंही बोट नकळत वाकत होतं. "म्हणजे लोण्यासारखा नव्हता," तो म्हणाला. "नव्हता," उल्हास म्हणाला. "त्याच्यापेक्षा चांगला होता. माझ्यापेक्षा तुमचं चांगलं आहे, जयंतराव. पहिल्या दिवसापासून होतं."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना दात काढल्यासारखं वाटलं, आणि दात निघाल्यावर वाटतं तसंच नंतर वाटलं.

वरदाने चहा आणला, बरोबर थालीपीठ आणलं, आणि दोघांची तोंडं पाहून काही न विचारता परत गेली. खाता खाता त्यांनी ठरवलं की ॲडम्स दुरुस्तीला द्यायचं. जुन्या बंदुकांचं काम करणारा एक कारागीर जयंतने आधीच शोधून ठेवला होता, कारण जयंतने सगळं आधीच शोधून ठेवलेलं असे. उल्हास उठला तेव्हा जयंतने गॅरेजमधून ट्रँटर आणलं. ते खरोखरच स्वच्छ दिसत होतं, मुठीची नक्षी उठून आली होती. जयंतने ते पुढे केलं, पण हाताची पकड पुरती सुटली नव्हती.

"राहू द्या तुमच्याकडे," उल्हास म्हणाला. "ॲडम्स परत येईपर्यंत."

"खरंच?" जयंतचा चेहरा असा उजळला, की उल्हासला आपण फार उदार आहोत असं वाटलं. ते वाटणं रीडिंगला परत येईपर्यंत टिकलं. पार्किंगमध्ये गाडी बंद करताना त्याच्या लक्षात आलं की दोन्ही रिव्हॉल्व्हरं आता बेसिंगस्टोकला आहेत आणि आपण रिकाम्या हाताने घरी आलो आहोत.

स्प्रिंग शरद ऋतूत बसून आली. कारागिराने काम चोख केलं होतं. जयंत ॲडम्स घेऊन स्वतः रीडिंगला आला, माळ्यावरचे पडदे लावले, आणि पहिल्यांदा चाप ओढायचा मान त्याने उल्हासला दिला. उल्हासने ओढला. जडपणा होता, सरकणंही होतं, पण शेवटचं ते थांबणं जरा लवकर संपल्यासारखं झालं. जयंतने मग ओढला, डोळे मिटून.

"पहिल्यासारखं आहे का?" डोळे उघडून त्याने विचारलं.

"जवळपास," उल्हास म्हणाला. "पहिलं थोडं जास्त चांगलं होतं."

जयंतने मान डोलावली. पहिलं कसं होतं हे जगात फक्त एका माणसाला माहीत होतं, त्यामुळे त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून जयंतला गत्यंतर नव्हतं. दोघं साडू झाल्यापासून अशी वेळ जयंतवर पहिल्यांदाच आली होती, आणि उल्हासने, त्याला शोभत नसतानाही, ती पुरेपूर उपभोगली.